मरळीच्या झटक्याने घरचा गळ सरळ होणे किंवा मोडणे : माझा अनुभव

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांत (जुन्या मालगुजारी तलावांत) शिंगाड्याच्या वेलींमधून आमिषाची रबरी मासोळी ओढताना घरी केलेला गळ मरळ माशाच्या झटक्याने सरळ होत असे. सायकलचा स्पोक तापवून विझवला, म्हणजे बुडवून एकदम थंड केला, तरी कडक झाला नाही. स्प्रिंगची तार पाण्यात विझवली, तर ती वाकाशी कटकन मोडली. काठाशी आलेली मरळ निसटली की फार जीव जळायचा.

शेवटी जमले ते असे. जुन्या स्प्रिंगची सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची तार लाल तापवून राखेत पुरावी व सावकाश निवू द्यावी. ती मऊ असतानाच कानशीने टोक काढावे, छिन्नीच्या तिरक्या छेदाने टोकामागचा उलटा काटा उचलावा, खिळ्याभोवती दोरी बांधायचा डोळा वळवावा, डोळ्याखाली लगोलग दोन काटकोनी वळणे द्यावीत आणि मग मुख्य वाक घ्यावा. या वळणांमुळे रबराचे डोके सरकत नाही आणि टोक रबरातच दडवता येत असल्याने गळ वेलीत अडकत नाही.

नंतर लोहचुंबक धरेनासा होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांच्या किंचित वर तापवून, गळ उघड्यावर, कोमट तेलात विझवावा. आता तो काचेसारखा ठिसूळ असतो. पॉलिश पेपरने चकचकीत करून तव्यावरच्या गरम वाळूत ठेवावा. रंग पिवळसर, तपकिरी, जांभळा असा बदलत सुमारे ३०० अंशांना निळा होताच बाहेर काढावा. पिवळ्यावर काढल्यास तो मोडतो, राखाडी होऊ दिल्यास पुन्हा सरळ होतो. धार शेवटी दगडावर, हलक्या हाताने लावावी.