मेमरी जगवरचे निखळलेले तुकडे मी पुन्हा कसे बसवले

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात राहत असताना माझ्याकडे एक जुना ‘मेमरी जग’ आला, म्हणजे मातीच्या जगावर (सुरईसारख्या भांड्यावर) लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर देऊन त्यात बटणे, शिंपले, किल्ल्या आणि फुटक्या चिनी मातीचे तुकडे रोवलेले भांडे. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या थडग्यांवर मृताच्या वापरातील वस्तू ठेवण्याच्या प्रथेशी या कलेचा संबंध अनेकदा जोडला जातो. घडवणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते. म्हणून प्रत्येक वस्तूची मूळ जागा मला त्याच्या सहीइतकी मोलाची वाटते.

जवसाच्या तेलाची लांबी वाळताना आकसते आणि तडकते, तर लोखंडी किल्ली गंजून फुगते व भोवतालचा थर उचलते. येथे दोन्ही घडले होते. प्रथम सर्व बाजूंची छायाचित्रे घेतली, मग मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ काढली. पाणी कटाक्षाने टाळले, कारण त्याने गंज वाढतो. निखळलेले तुकडे अ‍ॅसिटोन या द्रावकात विरघळवलेल्या ‘पॅरालॉइड बी-७२’ या अ‍ॅक्रिलिक राळेने बसवले, कारण पुढे कोणाला ते सोडवायचे झाल्यास ही राळ अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळते, इपॉक्सी हा गोंद मात्र विरघळत नाही. जोड पक्का होईपर्यंत भांडे कोरड्या वाळूच्या परातीत तिरके टेकवून ठेवले. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचे एक बटण मात्र अ‍ॅसिटोनने विरघळले असते, म्हणून ते न चिकटवता, जागेची नोंद करून कागदी पाकिटात वेगळे ठेवले आहे.