विंडोज 11 टाकल्यावर कॉम्प्युटर अडला? या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दारव्ह्यातल्या माझ्या दुकानात अपग्रेड करून अडलेल्या मशिनी सारख्या येत आहेत. आणणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, फॉर्मेट मारून द्या." हे ऐकलं की पोटात गोळा येतो.

जवळच्या एका गावच्या ग्रामपंचायतीचा ऑपरेटर पोरगा असाच आला होता. 26 जानेवारीची ग्रामसभा दोन दिवसांवर. "भाऊ, प्रिंटच निघून नाई रायली" म्हणून त्यानं आधी दुसरीकडे दाखवलं, आणि तिथं अर्ध्या तासात फॉर्मेट मारून दिलं. प्रिंट निघाली, पण कागद वाचता येईना. सगळे ठराव कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले आणि फॉन्ट सी ड्राइव्हसोबत उडालेला. 'मराठी' हा शब्द जिथं होता तिथं इंग्रजी ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं उभी. फॉन्ट मी पाच मिनिटांत टाकून दिला, डी ड्राइव्हवरचे ठराव परत दिसले. डेस्कटॉपवर ठेवलेले मात्र गेले. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवून त्यातले थोडेच हाती लागले. त्या रात्री तो घरी गेला नाही, दुकानातच बाकड्यावर बसून होता.

आणि मूळ दुखणं काय? प्रिंटरचा जुना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर. मी करतो ते असं: प्रिंटर सेटिंगमधून काढायचा, यूएसबी वायर ओढून ठेवायची, मशीन रिस्टार्ट करायची, कंपनीच्या साइटवरून विंडोज 11 चा ड्रायव्हर उतरवून टाकायचा आणि तो मागेल तेव्हाच वायर लावायची. वायर आधी लावली की विंडोज आपल्या मनानं भलताच ड्रायव्हर बसवतं. सेवा केंद्रवाल्यांचं अंगठ्याचं मशीन बंद पडलं तरी आधी त्याची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालू आहे का ते पाहा.

दुसरी चूक मला याहून जास्त लागते. अपग्रेडनंतर सी ड्राइव्ह लाल दिसतो, मग लोक घाईनं 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर साफ करतात, ज्यात जुनं विंडोज ठेवलेलं असतं. अहो, तीच तर परतीची वाट! सेटिंग, सिस्टम, रिकव्हरी इथं 'गो बॅक' मिळतं, तेही फक्त 10 दिवस. फोल्डर गेला की बटणही गेलं. जागा हवी असेल तर मोबाइलचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा. गिऱ्हाइकाची मशीन देताना दहाव्या दिवसाची तारीख मी कागदावर लिहून सीपीयूवर चिकटवतो आणि तोवर रोजचं सगळं काम एकदा करून पाहायला सांगतो. मागे गेलात तर अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, हेही लक्षात असू द्या.

शटडाउन करून परत चालू केलं म्हणजे रिस्टार्ट झालं, असं नाही. फास्ट स्टार्टअप, म्हणजे लवकर चालू व्हायची सोय, असल्यामुळे जुनंच अडकलेलं परत उठतं. मेनूतून रिस्टार्टच निवडा.

गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा, अपग्रेड तासाभराचं किंवा जास्तच. इन्व्हर्टर असेल तिथं मशीन घेऊन जा.

बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 आकडी किल्ली अपग्रेडच्या आधीच वहीत उतरवून ठेवा. निळ्या स्क्रीननं ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर माझ्याकडेही इलाज नाही.

पहिले एक-दोन दिवस मशीन संथ चालते, मागे इंडेक्सिंग, म्हणजे फाइलींची यादी करणं, चालू असतं. लाइन असेल तर रात्रभर चालू ठेवा. 4 जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कवर मात्र ती संथच राहणार. कंपनी 4 जीबी चालेल म्हणते, मी 8 जीबी आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क) असल्याशिवाय हात लावत नाही. टीपीएम, म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप, नसलेल्या मशीनवर यूट्यूब पाहून जुगाड करणाऱ्यांना मी परत पाठवतो. अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि त्यावर लोकांचे सातबारे, आधार, बँकेची कामं चालतात. त्यांनी विंडोज 10 च ठेवून जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी, ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात.