जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचं ॲव्हरेज: पाना हातात घेण्याआधीची आणि नंतरची तयारी

सुरुवात वही-पेनाने करा. जुन्या पिकअपच्या मालकाला ॲव्हरेज विचारलं की "दहाच्या आसपास" असं उत्तर येतं, आणि ते दहा कधी, कसं मोजलं होतं हे त्यालाही आठवत नसतं. टाकी फुल करा, पण पंपाचा खटका पहिल्यांदा पडेल तिथेच थांबा. वरून थेंब थेंब रिचवत बसू नका. किलोमीटर लिहून घ्या, टाकी पाऊण संपेपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच खटक्यापर्यंत भरा. गाडी जराशी तिरपी उभी राहिली तरी भरण्यात फरक पडतो, म्हणून एका टाकीवर भरवसा नको, तीन टाक्यांची सरासरी काढा.

भागाकार करण्याआधी टायरच्या कडेवरचं माप वाचा. जुन्या फोर-बाय-फोरवर कंपनीचे टायर सहसा उरलेले नसतात. समजा मूळ माप २३५/७५ आर १५ होतं आणि आधीच्या मालकाने ३१ इंची टायर चढवले. मूळ टायरचा व्यास साधारण ७३३ मिलिमीटर, नव्याचा ७८७. म्हणजे चाक एका फेऱ्यात सात टक्के जास्त अंतर कापतं आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. मीटर ६०० किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी ६४० च्या वर गेलेली असते. ६० लिटर लागले असतील तर तुम्ही १० म्हणता, खरं ॲव्हरेज १०.७ असतं. मोठ्या टायरने ॲव्हरेज पडतं हे खरंच आहे, पण किती पडलं हे या दुरुस्तीशिवाय कळणार नाही. मीटरच्या खरेपणाची शंका असेल तर फोनच्या जीपीएसवर पन्नासेक किलोमीटर ताडून बघा.

आता गाडी मोकळी फिरते का ते पाहायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, आणि लोक नेमके इथेच घाई करून थेट इंजिन उघडायला निघतात. फोर-बाय-फोरमध्ये साध्या गाडीपेक्षा फिरणारं सामान जास्त: पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा), पुढचे ॲक्सल, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत जाणारा लांब दांडा), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी). लीव्हर २ एच वर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर असला, तरी पुढचे हब (चाक ॲक्सलला जोडणारा किंवा सोडणारा भाग) लॉक असतील तर पुढची चाकंच हे सगळं सामान उगाच फिरवत राहतात. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही बाजूंचा खटका 'फ्री'वर आहे ना हे खाली वाकून बघा. चिखलातून गाडी काढल्यावर एका बाजूचा 'लॉक'वरच विसरलेला, असं फार वेळा सापडतं. ऑटोमॅटिक किंवा व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील तर डोळ्यांवर विसंबू नका. सपाट जागी मागच्या चाकांना उटी (पाचर) लावा, पुढची बाजू जॅकने उचलून घोडीवर (स्टँडवर) ठेवा आणि लीव्हर २ एच वर ठेवून चाक हाताने फिरवा. हब सुटलेला असेल तर चाकाबरोबर त्या बाजूचा ॲक्सल शाफ्ट फिरणार नाही. ज्या गाड्या कायमच चारही चाकांवर चालतात त्यांना हा मुद्दा लागू नाही. तिथे हब सोडण्याच्या फंदात पडू नका. हब फ्री ठेवता म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ते लॉक करून थोडं अंतर फोर-व्हीलमध्ये जा, नाहीतर पुढच्या सामानाला वंगण पोचत नाही. कोरड्या डांबरावर मात्र पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं लावायचं फोर-व्हील लावू नये: वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि सगळी ओढाताण गिअरवर येते.

घोडीवर गाडी आहेच तर ब्रेकही तपासा; मागच्या चाकांसाठी उटी पुढे लावून मागची बाजू तशीच उचला. चाक फिरवून सोडलं की ते दोन-तीन फेरे तरी जावं. मध्येच अडखळत असेल तर कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्यात किंवा मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाही असं समजा. दुसरी चाचणी रस्त्यावरची. पंधरा किलोमीटर जा, शेवटी शक्य तितका कमी ब्रेक वापरून थांबा आणि हाताची पालथी बाजू प्रत्येक रिमजवळ न्या, टेकवू नका. चारातलं एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट तापलं असेल तर डिझेल तिथे जळतंय. बेअरिंग जास्त आवळलं तरी हेच होतं.

हवा थंड टायरमध्ये, दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा असा की चारही टायरच्या सरासरी दाबात १ पीएसआय घट म्हणजे ॲव्हरेजमध्ये साधारण ०.२ टक्के घट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाळूत उतरताना दहा पीएसआय कमी केली आणि परत भरायची राहिली की दोन टक्के गेले, वर टायरच्या कडा झिजतात त्या वेगळ्याच. टायर एकाच बाजूने झिजत असतील तर अलाइनमेंट करा.

इंजिनकडे आलात की पहिला संशय थर्मोस्टॅटवर (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणाऱ्या झडपेवर) घ्या. तो उघडा अडकला की इंजिन कधी पुरतं तापतच नाही, तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नाही आणि इंजेक्शनची पेट्रोल गाडी 'अजून थंडच आहे' समजून जास्त इंधन ओतत राहते. भाग स्वस्त, काम तासाभराचं, आणि इंजिन गरम होत नाही म्हणून तक्रार कोण करतो? पुढच्या पंख्याचा व्हिस्कस क्लचही (गरजेप्रमाणे पंखा इंजिनाला जोडणारा भाग) बघा. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने थोड्या अडकावाने फिरावा; अजिबात फिरत नसेल, आणि चालू गाडीत सतत घोंघावत असेल, तर तो अडकलेला आहे आणि इंजिनाची ताकद खातोय.

पुढची तपासणी इंधनाप्रमाणे वेगळी होते. डिझेल असेल तर धूर बघा. जोर देताना काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, उघडा अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), मग नोझल आणि पंपाचं टायमिंग, याच क्रमाने. नोझल आणि पंपाचं काम खर्चाचं, म्हणून ते शेवटी. रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक नळ्या ओलसर आहेत का हेही बोट फिरवून पाहा. पेट्रोल असेल तर प्लग, टायमिंग, व्हॅक्यूमची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर. कार्ब्युरेटर असेल तर चोक पूर्ण उघडतो का. एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवलं की कॉम्प्युटर इंधन सांभाळतो अशा पेट्रोल गाडीत घाण फिल्टरने वेग घेण्याचा जोर कमी होतो, ॲव्हरेज जवळपास तसंच राहतं. जुन्या कार्ब्युरेटरला मात्र फरक पडतो.

ऑइल चार ठिकाणचं बघायचं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल. पाण्यातून गाडी काढली असेल आणि ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तीच. जीएल-४ ग्रेडचं ऑइल मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये डोळे मिटून जीएल-५ ओतू नका, पितळी सिंक्रोनायझरला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवेलच असं नाही.

मग हौदा रिकामा करा. साखळ्या, दुसरी स्टेपनी, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला विंचचा संच. ४५ किलोमागे साधारण एक टक्का जातो. टपावरचा कॅरियर वापरात नसेल तर उतरवा, त्याची किंमत महामार्गावर वजनापेक्षा जास्त आहे. मागचा फाळका उघडा ठेवल्याने वारा निघून जातो ही समजूत चुकीची. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा धरून राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकतो. फाळका बंदच ठेवा.

चालवण्याबद्दल एकच बोलतो. चौकोनी गाडीला वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो ५६ टक्के जास्त. वर वाचवलेले सगळे टक्के तिथे एका तासात उडतात.

डिझेलच्या नळीवर बसवायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून गॅस बनवणारी बाटली: यातलं काही घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर उपकरणं तपासली, त्यातल्या मोजक्यांनी किंचित फरक दाखवला.

आणि एका वेळी एकच बदल. हवा, हब, ब्रेक फुकटात होतात ते आधी, मग तीन टाक्या, मग थर्मोस्टॅट, परत तीन टाक्या. सगळं एकाच रविवारी केलंत तर ॲव्हरेज वाढेलही, पण नोझलवर पैसे घालायचे होते की नव्हते ते कळणार नाही. वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, पेनाला दोरी बांधा. पेन नेहमी हरवतं.