गावचा पब : आधी इमारत वाचा

इंग्लंडमधल्या खेड्यात राहायला आला असाल तर पहिल्याच आठवड्यात तिथल्या पबमध्ये जाऊन या. दारू घेत नसलात तरी जा. लाइम-सोडा मागितलात म्हणून कुणी वळून बघत नाही, आणि गावातल्या ओळखी तिथंच होतात.

बरेचसे जुने पब मुळात राहती घरं होती. घरात एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, बनवायची आणि पुढच्या खोलीत विकायची. 1552 पासून त्याला परवाना लागू लागला. 1830 च्या कायद्यानंतर दोन गिनी भरून साध्या घरमालकालाही बिअर विकता येऊ लागली, आणि पब झपाट्यानं वाढले. मुळात घरंच असल्यानं अनेक ठिकाणी दारं बुटकी आणि खोल्या लहान. डोकं सांभाळा.

भिंती नीट बघा. ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधे कुड, अगदी कोकणातल्या जुन्या घरासारखा. वरून चुन्याचा गिलावा असतो, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते. नंतर कुणी सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि लाकूड कुजतं. जुन्या इमारतींचं याहून मोठं नुकसान क्वचितच दुसऱ्या कशानं झालं असेल. काळ्या तुळया बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातली हौस; त्याआधी लाकूड पुष्कळदा तसंच राखाडी ठेवत.

पुढच्या बाजूला दोन दारं दिसली तर एक पब्लिक बारचं, म्हणजे साध्या बैठकीचं, दुसरं सलूनचं, म्हणजे जरा खास बैठकीचं. सलूनमध्ये गालिचा, गाद्या आणि थोडा जास्त दर. मधली भिंत बहुतेक ठिकाणी पाडली गेली, पण जमिनीवर खूण उरते : एकीकडे दगडी फरशी, दुसरीकडे गालिचा. आता कुठंही बसता येतं. चिखलाचे बूट किंवा कुत्रा असेल तर फरशीकडेच बसा.

ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची आणि सहसा पैसे लगेच. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांच्या लक्षात असतं. चुटकी वाजवू नका, नोट हलवू नका. कुणी तुम्हाला पाजलं तर पुढची फेरी तुमची. लवकर निघायचं असेल तर आधीच सांगा. दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर बऱ्याचदा बंद असतं, आणि रविवारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी, टेबल राखून ठेवावं लागतं.

काउंटरवरच्या हातपंपानं ओढलेली एल तळघरातून येते, 11 ते 13 अंशांवर. ती कोमट नसते, फक्त बर्फगार नसते. पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपायला हवं. खप कमी असेल तर आंबट होते. आधी घोटभर चव मागा. आंबट लागली तर पेला परत करा, बदलून देतात.

गावचा पब बंद पडायला आला तर 2011 च्या लोकॅलिझम कायद्यानं सोय केली आहे : कौन्सिलकडे त्याची सामाजिक मालमत्ता म्हणून नोंद झाली की विक्रीच्या वेळी गावाला बोली लावायला मुदत मिळते. असा अर्ज 21 स्थानिक मतदारांचा गटही करू शकतो. भारतीय पासपोर्टवर तिथं कायदेशीर राहणाऱ्यांनाही मतदार होता येतं, तेव्हा नाव आधीच नोंदवून ठेवा.