घरी डिमर बनवताना या चुका टाळा

ट्रायॅक (मेनचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), डायॅक (ट्रायॅकला ट्रिगर देणारा पार्ट), एक पॉट (नॉबने कमी-जास्त होणारा रेझिस्टर), दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर. बल्बचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या साध्या डिमरला एवढंच सामान लागतं आणि तेच घात करतं. सर्किट सोपं दिसलं की पोरं संध्याकाळी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून पार्ट आणतात आणि जेवणाआधी प्लग लावून मोकळी होतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती डिमरमध्ये वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात. सगळ्यात धोक्याची आधी सांगतो.

ट्रायॅकची पाठ डब्याला टेकवणं

बीटी१३६ या ट्रायॅकची पाठ, म्हणजे स्क्रूचं भोक असलेला धातूचा भाग, आतून मधल्या पायाला जोडलेला असतो. मधला पाय मेनवर, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर, म्हणून पाठीला लावलेला हीटसिंकही (उष्णता बाहेर टाकणारा पत्रा) मेनवर. तोच हीटसिंक पत्र्याच्या डब्याला आवळला, की अख्ख्या डब्यात करंट.

काही वर्षांपूर्वी एका गणेश मंडळाच्या देखाव्यासाठी एका मुलाने डिमर बनवला होता. ५०० वॅटचा हॅलोजन हळूहळू मंद करायचा होता. सोल्डरिंग सुबक, वायरी नीट बांधलेल्या. घरी तासभर चालवला, काही झालं नाही, कारण घरी कोरडी फरशी आणि पायात रबरी चप्पल. मांडवात भाद्रपदातला पाऊस, खाली ओल, आणि मूर्तीसमोर म्हणून तो अनवाणी. नॉब फिरवताना दुसऱ्या हाताने त्याने डबा धरला आणि मागे फेकला गेला. मागे माणसं उभी होती म्हणून डोकं आपटलं नाही. मी डब्याला टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला. आत पाहिलं: ट्रायॅक थेट पत्र्यावर, मधे मायकाची इन्सुलेटिंग चकती नाही, आणि प्लग दोन पिनांचा. अर्थिंग असतं तर घरी पहिल्याच वेळी फ्यूज उडाला असता आणि चूक तिथेच कळली असती. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून पार्ट घ्यायला जाताना पूर्ण नंबर कागदावर लिहून न्या. बीटीए१६ ची पाठ आतून इन्सुलेटेड असते. बीटीबी१६ दिसायला तसाच, पण त्याची पाठ मेनवर. एका अक्षराचा फरक आहे. घरी आल्यावर, काहीही जोडण्याआधी, मीटर बीपवर ठेवून पाठ आणि मधला पाय तपासा. वाजला तर मायका आणि प्लॅस्टिकचा बुश घातल्याशिवाय स्क्रू लावायचा नाही. मी बीटीए वापरला तरी डब्याला अर्थिंग देतोच, आणि हा नियम कुणासाठी मोडत नाही.

एमओसी३०४१ लावून डिमर बनवणं

आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाने डिमर चालवणाऱ्यांची ही ठरलेली चूक. ट्रायॅकला ट्रिगर देणारा आयसी एमओसी३०२१ मिळाला नाही की ‘तोच तर आहे’ म्हणून ३०४१ आणतात. तो तोच नाही. ३०४१ व्होल्टेज शून्याजवळ असतानाच चालू होतो, मधेच ट्रिगर दिला तर ऐकत नाही. डिमरचं सगळं काम तर मधेच ट्रिगर देण्याचं! आपल्या ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची. शून्यापासून ५ मिलिसेकंद थांबून ट्रायॅक पेटवला की बल्बला निम्मीच पॉवर मिळते. ३०४१ लावला की बल्ब एकतर पूर्ण पेटतो, नाहीतर पेटतच नाही, आणि मधल्या जागी फडफडतो. एक इंजिनिअरिंगचा मुलगा तीन संध्याकाळी प्रोग्रॅम बदलत बसला होता. प्रोग्रॅम बरोबर होता. मी आयसीवरचा नंबर वाचला, ३०२१ बसवला आणि बल्ब पहिल्या फटक्यात मंद झाला. ३०४१ हीटर चालू-बंद करायला उत्तम आहे, तिथे वापरा. पार्ट बदलताना डेटाशीट उघडायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पॉटबरोबर सिरीजमध्ये ४.७ के किंवा १० के रेझिस्टर टाकाच. नाहीतर नॉब शेवटपर्यंत फिरवला की पॉटचा ट्रॅक जळतो. पॉट प्लॅस्टिकच्या दांड्याचाच घ्या, कारण या सर्किटमध्ये तोही मेनवर असतो.

२३० व्होल्टचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टला जातं. ट्रायॅकला पॅरलल लावायचा स्नबर कपॅसिटर (व्होल्टेजचे झटके शोषणारा) एक्स२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा. जुन्या रेडिओतला काढून लावू नका.

‘डिमर बंद केलाय’ म्हणून होल्डरला हात लावू नका. ट्रायॅक बंद असला तरी स्नबरच्या ०.१ मायक्रोफॅरॅडमधून सुमारे ७ मिलिअँपिअर वाहू शकतात. फेजमध्ये वेगळा स्विच द्या, आणि डिमरही फेजमध्येच ठेवा. न्यूट्रलमध्ये टाकलात तर बल्ब विझलेला असतानाही होल्डरवर फेज येतो.

मेनचं सर्किट ब्रेडबोर्डवर नको. कधीच नको.

साध्या मीटरने डिमरचं आउटपुट मोजून गोंधळू नका. कापलेल्या लहरीवर तो चुकीचा आकडा दाखवतो, त्यासाठी ट्रू आरएमएस मीटर लागतो. आणि ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप मेनला लावायची नाही. ती अर्थला जोडलेली असते, क्षणात भडका उडतो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. मी १०० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावल्याशिवाय कुठलंच नवं सर्किट मेनला जोडत नाही. आत शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण पेटतो, ना धूर ना स्फोट. हा बल्ब आता सहज मिळत नाही, दिसला की दोन घेऊन ठेवा.

राहिला एलईडी. ‘डिमर बिघडलाय’ म्हणून येणारे निम्मे डिमर ठणठणीत असतात, बिघाड बल्बच्या निवडीत असतो. साध्या एलईडी बल्बमध्ये रेक्टिफायर आणि ड्रायव्हर असतो. लहर कापली की तो लुकलुकतो, गुणगुणतो, कधी जळतो. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलं नसेल तर तो बल्ब डिमरला लावू नका. डिमेबल असला तरी एकच ७ वॅटचा लावून चाचणी घेऊ नका, एवढ्या कमी करंटमध्ये ट्रायॅक चालू राहत नाही. मी अशा वेळी चाचणीपुरता शेजारी ४० वॅटचा फिलामेंट बल्ब पॅरलल जोडतो. त्याने लुकलुकणं थांबलं, तर डिमरला हात लावायची गरज नाही.