कमी उजेडाच्या दिवसांत घरातली ताजी भाजी : पेरणीपूर्वी घ्यावयाची काळजी

दिवस लहान होऊ लागले आणि आभाळ वरचेवर भरून येऊ लागले की, घरात भाजी लावणाऱ्यांची रोपे उंच पण किडकिडीत वाढतात, देठ पांढरट पडतात आणि आठवड्याभरात ती बुडाशी कुजून आडवी होतात. अशा वेळी बहुतेक जण पाणी वाढवतात किंवा खत घालतात, आणि हे दोन्ही उपाय अक्षरशः रोपाच्या मुळावर येतात, कारण मूळ उणीव असते ती उजेडाची. अंगण किंवा बाग नसताना भाजी घ्यायची असेल, तर आधी उजेडाचा हिशेब मांडावा आणि पीक त्यावरून ठरवावे.

आपले डोळे अंधुक उजेडाला चटकन सरावतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नये. भर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर साधारण 30 सेंटिमीटर उंचीवर हात धरावा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर जागा पालेभाजीला चालेल. सावली पुसटच असेल तर तेथे दिव्याशिवाय पेरणी करू नये. खिडकीपासून दोन-तीन पावले आत आले तरी उजेड निम्म्याहून कमी होतो. टोमॅटो, मिरची यांसारखी फळभाजी या हंगामात घरात लावण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फळ धरायला लागणारा प्रखर उजेड या दिवसांत खिडकीतून मिळत नाही.

त्याऐवजी मुळा, मोहरी, मेथी, वाटाणा यांची कोवळी रोपे, म्हणजेच मायक्रोग्रीन्स, घ्यावीत. बियातल्या साठ्यावरच त्यांची सुरुवातीची वाढ होत असल्याने ती कमी उजेडातही निभावतात. बुडाला भोके असलेल्या उथळ ट्रेमध्ये 4 ते 5 सेंटिमीटर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावे. वाटाणा 8 ते 12 तास भिजवून पेरावा. मोहरी मात्र भिजवू नये, कारण तिच्यावर बुळबुळीत थर येऊन बी एकमेकांना चिकटते. बियांचा एकच थर द्यावा, त्यावर दुसरा ट्रे पालथा न घालता सरळ ठेवून थोडे वजन द्यावे आणि दोन-तीन दिवस अंधारात राहू द्यावे, म्हणजे मुळे वर न उचलता खाली रुजतात. अंकुरांनी वरचा ट्रे उचलून धरला की तो काढून रोपे उजेडात आणावीत. एलईडी दिवा वापरायचा असल्यास तो रोपांपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर टांगून रोज 14 ते 16 तास चालू ठेवावा. वायर व स्विच पाण्यापासून दूर असावेत. मुळा व मोहरी 7 ते 10 दिवसांत, वाटाणा सुमारे दोन आठवड्यांत कापणीला येतो. कोथिंबिरीला तीन आठवडे तरी द्यावे लागतात. शेतात पेरण्यासाठी बुरशीनाशक लावलेले बियाणे यासाठी कदापि वापरू नये.

मुळ्याच्या ट्रेमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडाशी पांढरी लव दिसते आणि बुरशी समजून अनेक जण सगळा ट्रे टाकून देतात. पाण्याचा हलका फवारा मारून पाहावा. लव लगेच दिसेनाशी झाली तर ती मुळांची केसमुळे आहेत आणि पीक निरोगी आहे. जाळ्यासारखी पसरून चिकटून राहिली आणि कुबट वास आला, तरच ती बुरशी समजावी.

पाण्याबाबत शेतातला वाफसा घरातही लक्षात ठेवावा: मुळांना ओल हवी, तशीच हवाही हवी. उजेड कमी तसे रोप पाणीही कमी पिते, म्हणून ठरलेल्या वारी पाणी घालण्याची सवय या दिवसांत मोडावी. ट्रे हातात उचलून पाहावा. हलका लागला तरच खालच्या ताटलीत पाणी द्यावे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे. कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडत असतील, तर वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर पूर्ण सुकू द्यावा, कारण त्यांच्या अळ्या त्या ओल्या थरातच वाढतात. उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळा चिकट सापळा लावावा. दिवसातून काही वेळ मंद पंखा चालवल्यास रोपे कोलमडण्याचा रोग बराच आटोक्यात राहतो.

मोडांची गोष्ट वेगळी आहे आणि तीत हयगय करू नये. मोड ज्या ऊबदार दमटपणात येतात, तोच जिवाणूंनाही मानवतो. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत 50 हून अधिक माणसे दगावली. मोड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावेत, पाणी पूर्ण निथळू द्यावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी व्यक्तींना ते कच्चे न देता नीट शिजवूनच द्यावेत.

धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूमला) फार उजेड लागत नाही, परंतु तिचे बीजाणू श्वासावाटे गेल्यास काहींना त्रास होतो; म्हणून ती झोपायच्या खोलीत ठेवू नये आणि छत्रीची कड वर वळण्याआधीच काढावी.

सगळे ट्रे एकाच दिवशी पेरू नयेत. चार-पाच दिवसांच्या अंतराने एकेक पेरल्यास कापणी सलग चालू राहते. कापणी धारदार कात्रीने, कोकोपीटपासून एक सेंटिमीटर वर करावी आणि भाजी खाण्याच्या वेळीच धुवावी. मुळांनी भरलेले जुने कोकोपीट कंपोस्टमध्ये टाकावे आणि ट्रे साबणाने घासून, पूर्ण वाळवूनच पुढची पेरणी करावी.