बिले डिव्हाइस घेताय? आधी दोर किती एमएमचा ते सांगा

दर दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की आमच्याकडच्या दोन-चार पोट्ट्यांचा फोन येतो. "दादा, बिले डिव्हाइस कोणतं घेऊ? लय भारी पाहिजे." (बिले म्हणजे कडा चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं, तो पडला तर धरणं. डिव्हाइस म्हणजे त्यासाठी दोर ओवायचं यंत्र.) मी विचारतो, दोर किती एमएमचा आहे? तिकडे शांतता. मग कुणीतरी म्हणतो, "निळा आहे जी."

पहिली चूक हीच. डिव्हाइस दोरासाठी घ्यायचं असतं. प्रत्येक चांगल्या डिव्हाइसवर ते डिव्हाइस किती ते किती मिलिमीटरच्या दोराला चालतं हे कोरलेलं असतं. गुळगुळीत नळीत (दोराचा पेड खाचेतून ओवायचं साधं डिव्हाइस) ९ एमएमचा नवाकोरा दोर घातला तर तो सळसळत निघतो आणि पडणाऱ्याला धरताना हात भाजतो. तोच नळीचा प्रकार दाते असलेला घेतला तर पकड वाढते. उलट जाड दोर बारीक खाचेत कोंबला की ढीलच सुटत नाही. आणि लेबलवर १०.५ लिहिलंय म्हणून दोर जन्मभर १०.५ राहत नाही. आमच्या काळ्या मातीत आणि गिट्टी खदानीच्या भुकटीत चार वर्षं घासला की त्याला लव फुटते, तो फुगतो, ताठ होतो. मी दुकानदाराचं ऐकत नाही. डिव्हाइस घेतलं की आपल्याच जुन्या दोरावर, जमिनीवर उभं राहून अर्धा तास ढील द्यायची आणि ओढायची. अडलं तर परत पाठवायचं.

"ऑटोमॅटिक आहे न, दादा!"

या वाक्याने माझं डोकं फिरतं. पेट्झल कंपनीने १९९१ मध्ये ग्रिग्री हे आपोआप अडकणारं डिव्हाइस आणलं तेव्हापासून लोकांनी स्वतःच त्याला ऑटोमॅटिक करून टाकलंय. कंपनी तसं म्हणत नाही. आत एक फिरती कॅम, म्हणजे दोर दाबणारा तुकडा, असते. दोराला अचानक हिसका बसला की ती फिरते आणि दोर दाबून धरते. पण ती फिरू दिली तर! आणि ब्रेकचा हात, म्हणजे दोराचं मोकळं टोक धरणारा हात, दोरावरच ठेवायचा असतो, सुटी द्यायची नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाबाहेरच्या बंद खदानीत दोघं लीड करत होते, म्हणजे वरचा दोर सोबत नेत, वाटेत अडकवत चढत होता. खालच्याने असंच आपोआप अडकणारं डिव्हाइस कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं होतं, आणि दोर आमचाच, लव फुटलेला. मी बाजूला चहा ओतत होतो. वरच्याने दुसरं प्रोटेक्शन (दोर अडकवायचा आधार) मागे टाकलं, तिसऱ्यात दोर अडकवायला ओढला आणि ओरडला, "ढील दे बे!" दोर सरकेना. खालच्याने मग जे सगळे करतात तेच केलं: अख्खा तळवा कॅमवर दाबला, ब्रेकचा हात सोडला आणि दोर ओढायला लागला. नेमका त्याच क्षणी वरच्याचा पाय घसरला.

इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. दचकलो की आपण मूठ आवळतो. त्यानेही आवळली, म्हणजे कॅम आणखी घट्ट दाबली गेली आणि दोर सुसाट धावला. त्याची चप्पल मुरमावरून सरकली (हो, चप्पल, त्यावर वेगळं बोलेन कधीतरी), तो बसकण मारून पडला, तळवा सुटला आणि तेव्हा कुठे डिव्हाइसने दोर धरला. वरचा गडी बाभळीच्या फांद्यांत लोंबकळत थांबला. घोटा सुजला, अंगभर काटे. खालच्याचा डावा तळवा दोराने सोलला. वेचणीचे दिवस होते. दोन आठवडे त्याला कापसाला हात लावता आला नाही आणि आईने मला रस्त्यात गाठून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिलं वर्ष हे यंत्र मी हातात देत नाही. ज्याला घाई आहे त्याने दुसरा दादा शोधावा. आधी नाशपातीच्या आकाराच्या लॉकिंग कॅराबिनरवर (कुलूप लागणारी धातूची कडी) इटालियन हिच, म्हणजे घर्षणाने दोर धरणारी गाठ, मग साधी दोन खाचांची नळी. आमचे आबाजी विहिरीत माणूस उतरवताना दोराला निंबाच्या बुंध्याचा एक वेढा द्यायचे आणि शेपटाकडचं टोक दोन्ही हातांत धरून उभे राहायचे. वजन झाड पेलायचं, हात फक्त टोक सोडायचे नाहीत. बिले याहून वेगळं काही नाही.

दोन खाचांचीच का? आमच्या कड्यांवर वर पक्के बोल्ट नाहीत, साखळ्या नाहीत. झाडाला किंवा दगडाला दोर दुहेरी टाकून रॅपल करत, म्हणजे त्या दोरावरून घसरत, खाली यावं लागतं. ग्रिग्रीसारख्या एका दोराच्या डिव्हाइसमध्ये दोन्ही पदर बसत नाहीत. जिमच्या भिंतीवरचे व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्याला हे वर गेल्यावर कळतं.

फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकड्यासारखं डिव्हाइस): शिबिरात त्यावर रॅपल केलंत, म्हणून त्यावरच लीडचा बिले देऊ नका. घर्षण कमी आणि दोराला पीळ इतका की शेवटी चऱ्हाट होतं. (पीळ इटालियन हिचमध्येही पडतो, मान्य. पण ती पकडते घट्ट.)

शेती केंद्रातला नायलॉनचा दोर: कोणत्याही डिव्हाइसमध्ये नाही. विषय संपला.

स्वस्तातली नक्कल: डिव्हाइसवर ईएन १५१५१ (युरोपीय मानक) किंवा यूआयएए (गिर्यारोहण संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) याची खूण शोधा. नसेल तर तो चाव्यांचा जुडगा समजा.

दोर उलटा ओवणे: ग्रिग्रीवर चढणाऱ्याचं आणि हाताचं चित्र असतं, ते बघा. मी त्यावरही विश्वास ठेवत नाही. चढणाऱ्याच्या बाजूचा दोर हिसकून बघतो, प्रत्येक वेळी, समोर वीस वर्षांचा अनुभवी असला तरी.

बिले देणारी ४५ किलोची आणि चढणारा ८० चा: डिव्हाइस बदलून हे सुटत नाही. तिला मागे झाडाला बांधा किंवा जोडी बदला.

झिजलेलं डिव्हाइस: अ‍ॅल्युमिनियम आणि बेसॉल्टची भुकटी यांचं जमत नाही. खाचेच्या कडेवरून नख फिरवा. धार लागली तर ते आता दोर कापणार. अशी डिव्हाइस लोक नवशिक्याला "ठेव तू" म्हणून देऊन टाकतात, याचा मला फार राग आहे. माझं पहिलं डिव्हाइस गोठ्यात खिळ्याला टांगलंय. त्यातून पुन्हा कुणी दोर ओवू नये म्हणून टांगण्याआधी हातोड्याने चेपून ठेवलं.